चाळणी, तुतारी आणि आरसा

आमच्या गावात बी.ए. झालेली पहिली मुलगी मी. हे मी मिरवूनच सांगते, कमीपणा घेऊन सांगत नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं आणि माझ्यानंतर ते दार सगळ्यांना ओळखीचं झालं. पण लोक विचारतात की तुला शिकवलं कुणी, तेव्हा मी मास्तरांची नावं नंतर सांगते. आधी सांगते की धान चाळायची एक मोठी चाळणी होती, बाबांची बैल हाकायची जुनी काठी, म्हणजे तुतारी होती आणि मायच्या लग्नातला एक आरसा होता. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारी गंमत करते. गंमत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

बाबांचं नाव डोमाजी. परसवाड्याच्या पंचक्रोशीत मात्र त्यांना नावाने कुणी ओळखत नसे, 'धुरकरी' म्हटलं की पुरे. धान कापून खळ्यावर आलं की आमच्याकडे मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, आणि पटाचे दिवस सुरू होत. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दोन वाटा आखायच्या, दोन छकडे शेजारी उभे करायचे, आणि इशारा झाला की जे होतं ते डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातं. छकडा तरी काय, दोन चाकं आणि चार बांबू. त्यावर उकिडवा बसून, हातात कासरे धरून जोडी हाकणारा तो धुरकरी. बैल पाटलांचे, नाव गावाचं आणि जीव धुरकऱ्याचा, असा तो खेळ. पाटलांची जोडी हिऱ्या आणि बादलची. बाबा त्यांना मारत नसत. तुतारी हातात असे, पण तिच्या टोकाची टोचणारी आर त्यांनी कधीच काढून टाकली होती. नुसतं पाठीजवळून वारं घातल्यासारखं करत आणि जोडी उडायची. आणि शेवटाला, लोकांच्या गर्दीत जोडी घुसायच्या आधी, बाबा मागे रेलून कासरे छातीशी ओढत आणि आरोळी देत, "होऽऽ!" ती आरोळी एवढी ओळखीची झाली होती, की बाजारात कुणी थट्टेने ती दिली तर दुसऱ्याच्या गाडीचे बैलसुद्धा थबकत.

पटाच्या दिवशी बाबा काही खात नसत. माय मात्र पहाटेच लाखोरीची डाळ आणि तांदळाच्या भाकरी करून फडक्यात बांधून ठेवी, जिंकले तर आनंदाने खातील आणि हरले तर रागाने, पण खातील. पटावर बाया सहसा जात नसत. आम्ही घरीच असायचो आणि वाऱ्यावर येणारा गलका ऐकायचो. गलका एकदम चढला आणि एकदम फुटला तर माय म्हणायची, "आले वाटते." चढून तसाच विरला तर ती चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारायची.

धुरकऱ्यांचा एक नेम असतो. छकड्यावर बसलं की मागे पाहायचं नाही. मान वळली की हात वळतो, हात वळला की कासरा वळतो आणि बैलाला वाटतं, आपला माणूस भ्याला. बाबा तो नेम एवढा पाळत, की घरातून पटाला निघाल्यावर मायने काही विसरलं म्हणून हाक मारली तरी वळत नसत. उलट्या हाताने घेत आणि चालू पडत. आयुष्यात एकदाच त्यांनी तो मोडला. शेजारच्या वाटेवरचा छकडा एकदम मागे पडला, लाकूड कडाडल्याचा आवाज आला आणि माणूस ओरडला. बाबांना वाटलं तो गेला. त्यांनी मान वळवली. त्याच क्षणी त्यांचं चाक बांधावर चढलं आणि बाबा उजव्या खांद्यावर पडले. तो दुसरा माणूस कपडे झाडत हसत उठला होता. हिऱ्या आणि बादल रिकामा छकडा घेऊन सगळ्यांच्या आधी पोचले. पण धुरकरी नसला तर ती जोडी धरत नाहीत.

खांदा जुळला, पण हात कानाच्या वर जाईना. ओढ लागली की कळ यायची. पट संपला. बाबा कधी त्याबद्दल रडगाणं गायले नाहीत. फक्त संध्याकाळी पाटलांच्या गोठ्यात जात, हिऱ्याच्या गळ्याच्या पोळीवरून हात फिरवत आणि परत येत.

त्याच सुमाराला मी मॅट्रिक झाले आणि वारासिवनीचा मामा स्थळ घेऊन आला. मामा वाईट नव्हता. लांजीकडचा मुलगा, घरी धान, विहिरीवर मोट, माणसं बरी. बाबांनी ऐकून घेतलं. मी आतल्या खोलीत चाळणीने कणी वेगळी करत होते आणि माझा हात थांबला होता.

मामा म्हणाला, "पोरीले आजून कितीक शिकवाचं हाय दाजी? बालाघाटले कॉलेज हाय, तिथं कोण हाय आपलं? राहीन कोठं, जाईन कशी?"

प्रश्न खराच होता. आमच्या गावावरून एकच मोटार, म्हणजे बस, बालाघाटला जाई, पाटलांची. सकाळी जंगलातून, घाट उतरून जायची आणि दिवेलागणीला परत यायची. ती चालवत करीम उस्ताद. आयुष्यभर उकव्याच्या खाणीवर मँगनीजचे ट्रक चालवून त्यांचे डोळे अधू झाले होते आणि त्यांनी पाटलांना सांगून टाकलं होतं की आता दुसरा माणूस बघा. पाटील गोंदियाहून माणूस आणणार होते. बाबा असं काही बोलले की माय चुलीपुढून उठून बाहेर आली.

"मोटर मी चालवतो. लायसन भेटलं त इंदू माह्याच गाडीत बसून जाईन आन् माह्याच गाडीत येईन. नाही भेटलं त तुमचा पोरगा पाह्याले येऊ."

मामा हसला. "बैल हाकणं वेगळं दाजी, मोटर वेगळी."

"चाकं त चाकंच हायेत ना गा?" बाबा म्हणाले.

पाटलांनी नाही म्हटलं नाही. खांदा त्यांच्या जोडीपायी गेला होता, हे ते विसरले नव्हते. उस्ताद शिकवायला तयार झाले. रोज परतीच्या फेरीनंतर, गाडीच्याच दिव्यांच्या उजेडात, पडीक शेतात मोटार फिरायची आणि अर्धं गाव बांधावर बसून पाहायचं. चालवायला बाबांना वेळ लागला नाही. खड्डा त्यांना चाकाखाली येण्याआधी कळायचा, उतारावर गाडीचं वजन कुठे जातंय ते अंगाला कळायचं. उस्ताद म्हणत, "इसका तो पिछवाड़ा ही इंजिन का कान है." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. घोटाळा थांबवताना व्हायचा. समोर काही आलं की बाबा मागे रेलायचे, दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चक्र छातीशी ओढायचे आणि आरोळी द्यायचे, "होऽऽ!" मोटार आपली चाललीच आहे. पहिल्या दिवशी ती पाटलांच्या तणसाच्या ढिगात शिरली. अख्खी मोटार गवताने माखली, आत उस्ताद टोपी शोधत होते.

"अरे डोमाजी, इसकी नाक किधर है जो खींच रहे हो? पाँव मारो, पाँव!"

"मारतो ना, पण हात आधी जातेत."

आणि दुसरा घोटाळा आरशाचा. गाडीत समोर आरसा असतो, त्यात मागचं दिसतं, हे बाबांना मान्य होतं. त्यात पाहायला मात्र ते तयार नव्हते. पाहिलं आणि पडलो, हे खांदा त्यांना रोज सांगत होता. उस्तादांनी समजावलं, चिडले, शेवटी म्हणाले, "जाने दो, साहब के सामने देख लेना." बाबा बालाघाटला लायसन देणाऱ्या साहेबापुढे गेले. साहेबांनी गाडी मागे घ्यायला सांगितली. बाबांनी नाकासमोर पाहत ती मागे घेतली आणि एका चहावाल्याचा बाकडा आडवा केला. लोक ओरडले, तेव्हा त्यांनी चक्र छातीशी ओढलं आणि आरोळी दिली. साहेब म्हणे हसून हसून खाली उतरले आणि म्हणाले, "बाबा, अगले महीने आना. और बैल घर छोड़ के आना."

घरी येऊन बाबा हे सगळं स्वतःच सांगत होते, साहेबाची नक्कल करत होते. मायही हसली. मी हसले नाही. पुढच्या महिन्यात कॉलेजची भरती बंद होणार होती आणि मामाचा निरोप आला होता की मुलाकडची माणसं येऊ म्हणतात. बाबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी नक्कल थांबवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायने आमच्या पडवीत मोटार उभी केली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे ती मोटार. बाजेच्या काठावर बाबांना बसवलं. हातात धान चाळायची चाळणी दिली, ते चक्र. पायाशी तीन विटा मांडल्या आणि बाबांनी सांगितलं तसं त्यांना नावं दिली, क्लच, ब्रेक आणि रेस. शेजारी जमिनीत आमचं उखळ होतं, त्याच्या खळग्यात जुनी तुतारी उभी केली आणि माय म्हणाली, "हे तुमचं गेर." ज्या तुतारीने हिऱ्या-बादल उडाले, ती बिचारी उखळात गरगर फिरू लागली. बाबा ओठांनी इंजिनाचा आवाज काढत. माय स्वयंपाक करत मध्येच ओरडे, "बैल!" आणि बाबांनी हात न हलवता मधल्या विटेवर पाय मारायचा.

पहिले काही दिवस चाळणीच छातीला लागायची. माय पळी घेऊन उभी. "हात! हात काहून हालला?"

"तू सांगून ओरडत जा ना वो."

"बैल सांगून येते काय आडवा?"

मग मायला त्या कामाची गोडी लागली. ती केव्हाही ओरडायची. वरण वाढता वाढता "म्हैस!" म्हणायची आणि बाबांचा पाय ताटाला लागून वरण सांडायचं. आंघोळीला बसले की भिंतीमागून "शेळी!" म्हणायची आणि आतून पाय आपटल्याचा आणि मग शिव्यांचा आवाज यायचा. शेजारच्या बायांनाही समजलं. बाबा रस्त्याने चालले की कुणीतरी दारातून हाक द्यायची, "धुरकरी भाऊजी, डुक्कर!" आणि पटातला तो नावाजलेला माणूस भर रस्त्यात पाय आपटून उभा राहायचा, मग हसायचा. त्या घरातले आवाज आठवायला गेले की मला देवळाची घंटा आठवत नाही. मातीच्या पडवीत विटेवर टाच पडल्याचा धप्प असा आवाज आठवतो. सगळं गाव माझ्या कॉलेजसाठी बाबांना घाबरवत होतं, हे तेव्हा मला उमजलं नाही. आता उमजतं आणि एकेकीच्या दारात जाऊन पाया पडावंसं वाटतं. त्यातल्या बहुतेक आता नाहीत.

हात सुधारले, आरसा राहिला. मायने आपल्या लग्नातला आरसा काढला, ज्यात पाहून ती कुंकू लावायची, आणि आढ्याला दोरी बांधून बाजेसमोर टांगला. बाबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही.

माय म्हणाली, "मान वळवू नका. मी कोठं म्हणतो मान वळवा म्हणून? डोळे उचला फक्त."

"मागं पाह्यलं म्हणजे मागंच पाह्यलं. मानेनं काय आन् डोळ्यानं काय."

"तो छकडा होता. याच्यात पन्नास माणसं बसतेत मागं."

"म्हणून त भेव वाटते वो," बाबा म्हणाले. एवढंच. बाबांच्या तोंडून भेव हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.  आरसा तसाच टांगलेला राहिला आणि वाऱ्याने हळूहळू फिरायचा.

मी त्या दिवसांत बाजेच्या मागे, भिंतीला टेकून वाचत बसायचे. कॉलेजात जायचं ठरलं नव्हतं तरी उस्तादांकडून पुढच्या वर्गाची जुनी पुस्तकं मागवली होती. शाळा सगळी हिंदीतून झालेली, घरी मराठी. मी पुटपुटत वाचायचे आणि अर्थ आपल्या बोलीत लावायचे. त्या संध्याकाळी एक पान काही केल्या कळेना, म्हणून मी गप्प झाले. बाबांची मोटार चाललीच होती, ओठांनी इंजिन, पायांनी विटा. इंजिन एकदम बंद पडलं.

"मागं काय करून राह्यली वो पोरगी? आवाज नाही येत."

माय तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलंच नाही. "माह्ये हात गुतले. पाहा ना तुम्हीच."

बाबा वळणार नाहीत हे तिला माहीत होतं. बाजेवर बसले असताना ते वळलेच नसते. सुपाची सळसळ चालूच होती. मी मान वर केली. समोर आढ्याला टांगलेल्या आरशात बाबांचे डोळे होते आणि ते माझ्याकडे पाहत होते.

"वाचून राह्यली," ते म्हणाले. मग परत, जरा मोठ्याने, "पोरगी वाचून राह्यली."

माय म्हणाली, "हौ. मग घ्या ना गाडी मागं."

आणि बाबांनी तुतारी उखळात मागे ओढली, डोळे आरशातून न काढता.

दुसऱ्या परीक्षेला माय आणि मीही बालाघाटला गेलो. साहेबांनी बाबांना ओळखलं. "बैल घर छोड़ा?" "छोड़ा साहेब," बाबा म्हणाले. मी मोटारीत मागच्या बाकावर बसले होते, उतरायचं मला कुणी सांगितलं नाही. साहेबांनी विचारलं, "ये लड़की कौन?" बाबा म्हणाले, "माही सवारी हाय साहेब. तिले कॉलेजात पोचवाचं हाय." साहेबांना किती समजलं कोण जाणे, पण त्यांनी मला उतरवलं नाही. गाडी मागे घ्यायची वेळ आली. समोरच्या छोट्या आरशात बाबांचे डोळे आले, माझ्यावरून मागच्या रस्त्यावर गेले, परत माझ्यावर आले. गाडी अशी मागे गेली की जणू कुणी हाताने धरून नेली. मग बाजाराच्या वळणावर, मायने इतके दिवस तोंडी हाकललेला बैल खरोखरचा समोर आला, लादलेल्या गाडीतून सुटून, दोर ओढत, उधळलेला. धप्प! बाबांचे हात चक्रावर जागच्या जागी, पाय ब्रेकवर, मोटार उभी. पण जन्माची सवय. तोंडातून ती आरोळी निघालीच, "होऽऽ!" आणि बैलही उभा राहिला. मोटारीच्या नाकापुढे, शेपटीही न हलवता. मागून धावत आलेल्या मालकाने दोर धरला आणि बाबांना हात जोडले.

साहेब थोडा वेळ बैलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोनों का ब्रेक लग गया."

त्या दिवशी मायने घरी गुळाची बोंडं तळली आणि पहिलं बोंड उस्तादांना दिलं. मामाला निरोप गेला. मामाही भला माणूस, पुढे तोच मला कॉलेजसाठी पहिली छत्री घेऊन आला.

माझा नातू आता मोटार मागे घेतो, तेव्हा ती मोटार स्वतःच टूं टूं करते आणि पडद्यावर मागचं सगळं दाखवते. त्याला मान वळवावी लागत नाही आणि डोळेही उचलावे लागत नाहीत. मी शेजारी बसलेली असते आणि समोर कुणी आडवं आलं की माझा पाय गाडीच्या तळावर आपटतो. नातू हसतो. "आजी, ब्रेक मेरे पास है." असू दे म्हणते. आमच्या घराण्याचा पाय आहे तो.

कॉलेजचा पहिला दिवस. बाबांच्या मागचा पहिला बाक माझा, पुढे बी.ए. होईस्तोवर तो माझाच राहिला. जंगलातून गाडी निघाली, घाट उतरली. माझ्या पदरात तांदळाच्या भाकरी आणि लाखोरीची डाळ बांधलेली होती, पटाच्या दिवशी असायची तशी, आणि मीही बाबांसारखंच काही खाल्लं नव्हतं.  वाटभर मी वर पाहिलं की आरशात त्यांचे डोळे असत. कॉलेजच्या फाटकाशी त्यांनी मोटार उभी केली. मागे बाजाराची माणसं खोळंबली होती, कुणी म्हणालं, "चला ना गा धुरकरी." आत अंगणात मुलंच मुलं होती, सगळी शहरी, सगळी फाटकाकडे पाहत होती. मी पायरीवरून उतरले आणि पाय पुढे जाईना. मी वळून बाबांकडे बघणार, एवढ्यात खिडकीतून त्यांचा आवाज आला, पटावर बैलांशी बोलत तसा, हळू.

"मागं पाहू नको इंदू. समोर चाल. मागचं मी पाह्यतो, माह्यापाशी आरसा हाय."